दुपट्ट्याखालचा सौदा

माझा आवाज मोठा आहे. पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत मी एका टोकाला भाव बोलले, तर दुसऱ्या टोकाचा हमाल मान वळवून बघतो. लोक म्हणतात, बाईचा स्वभावच तसा. स्वभाव तापट आहे, हे मी कधी नाकारलं नाही. पण आवाज माझा जन्माचा नाही. तो मला माझ्या सासऱ्यांमुळे मिळाला, आणि त्याबद्दलची तक्रार मी आजवर नीट सांभाळून ठेवली आहे.

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. माझे मामाजी संत्र्याचे जुने व्यापारी. फळ झाडावर हिरवं असतानाच बगीच्यात फिरायचं, नजरेनं अंदाज बांधायचा आणि उभं पीक विकत घ्यायचं, हा त्यांचा धंदा. त्या काळी भाव तोंडानं सांगत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, हातांवर दुपट्टा टाकत आणि दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवत. किती बोटं धरली, पेर दाबलं की मूठ आवळली, यावर सगळं. भोवती गर्दी उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. तोंडानं मात्र दोघंही पावसापाण्याच्या, लेकीबाळींच्या गप्पा मारत राहायचे. सौदा पटला की दुपट्टा झटकून खांद्यावर. आत काय ठरलं ते बाहेर सांगायचं नाही, घरच्या माणसालाही नाही.

लग्न होऊन मी मोहगावहून पांढुर्ण्याला आले तेव्हा नवरा कचेरीत बाबू होता. माणूस गोड, पण भाजीवाल्याशी घासाघीस करायची म्हटली तरी त्याला घाम फुटतो. बापाचा धंदा त्याला नको होता आणि मला हवा होता. शेजारणीच्या परसातल्या चार झाडांचा माल मी घेतला, स्वतः तोडला, पेट्यांत भरला आणि मंडीत नेला. घेणाऱ्यांच्या रांगेत सगळ्यात पुढं मामाजीच बसलेले. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि इतर व्यापारी करतात तसाच हात पुढं केला.

मामाजींनी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला. माझ्याकडे बघितलंही नाही. आमच्याकडे सासरा सुनेशी थेट बोलत नसे, तिचं नावही घेत नसे; 'पोराची माय' म्हणजे मी. शेजारच्या माणसाला म्हणाले, "पोराच्या मायले सांग, सुनेचा हात धरून सौदा करत नसते कोणी. घरी जाय म्हणा."

मंडी हसली. मामाजींनी दुपट्टा आवरला म्हटल्यावर बाकीच्यांनीही आवरले. मग मी काय करणार होते? पेटीवर चढून उभी राहिले आणि माझा भाव ओरडून सांगितला. उघडा भाव सांगणाऱ्याची काय गत होते ते मला त्या दिवशी समजलं. माल मिळेल त्या भावात गेला. दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि आणखी मोठ्यानं ओरडले. आता मंडीत सगळ्यांचीच बोली उघड्यावर होते आणि दुपट्टे फक्त घाम पुसायला उरलेत. मी मात्र सगळ्यांच्या आधी सुरुवात केली होती. आज माझं स्वतःचं पॅकिंगचं शेड आहे, माझ्या गाड्या दूरच्या शहरांत जातात. मामाजींनी हे सगळं डोळ्यांनी बघितलं. पण माझ्याशी सौदा त्यांनी एकदाही केला नाही. काही सांगायचं झालंच तर भिंतीकडे बघून, "पोराच्या मायले सांग."

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली. मग जेवण झालं की नाही ते आठवेना. मग सासूबाई वारल्या, हेही आठवेना. मंडी तेवढी राहिली. अंधारातच उठून ते मंडीकडे निघायचे. आमचं राहणं शेडच्या वर आहे. जिना उभा, खाली मागे सरकणारे ट्रक, खिळे निघालेल्या पेट्या. सांभाळायला ठेवलेला माणूस डोळा लागून पडलेला असताना ते एकदा जिन्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं. तिथून त्यांना चालायला शिकवण्यासाठी एका पुनर्वसन केंद्रात हलवलं.

मला वाटलं होतं, आता रडारडीचे दिवस येणार. झालं उलटंच. मी इतकी कधी हसले नसेन. मामाजींचं बाकी सगळं गेलं होतं, घासाघीस शिल्लक होती.

व्यायाम शिकवणारी एक तरतरीत पोरगी होती. ती म्हणायची, "आजोबा, आज त्या दारापर्यंत चालायचं."

"दार लय महाग लावलं तू. खिडकीपर्यंत येतो."

"खिडकी काल झाली. बरं, पाण्याच्या कूलरपर्यंत?"

"कूलर, आन् वरून चहा."

"चहा देते, पण बिनसाखरेचा."

"मग खिडकीच."

शेवटी कूलरपर्यंत चालणं आणि अर्धी साखर यावर सौदा पटायचा. दोन गोळ्या दिल्या की म्हणायचे, एक आज घेतो, एक उद्याच्यात धर. बाकीच्या पेशंटांचे नातेवाईक खुर्च्या ओढून बघायला बसायचे. मी एकदा त्या पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, "तू लवकर उतरतेस. चहाचं नाव आधी तू काढू नकोस, त्यांना काढू दे." दुसऱ्या दिवशी मामाजी दारापर्यंत चालले. तिथं पोचल्यावर माझ्याकडे बोट करून त्यांनी तिला विचारलं, "ते बाई कोण होय?"

"तुमची सून आहे ना, आजोबा."

"नाई. माही सून पांढुर्ण्यात राह्यते. हे कोणी व्यापारी बाई हाय. पाह्य न कशी पाहून राहिली, माल पाहते तशी."

तिला वाईट वाटलं. ती माझा हात धरून म्हणाली, "मनावर नका घेऊ." मनावर कशाला घेऊ? लग्नानंतर पहिल्यांदा मामाजी माझ्याबद्दल बोलत होते आणि मध्ये भिंत नव्हती.

केंद्रातून सुट्टी द्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं. वॉकर धरून चालतील, पण जिना नाही. आणि रात्रंदिवस कोणाचं तरी लक्ष पाहिजे. आमच्या घरी जिन्याशिवाय वर जायला दुसरी वाट नाही, आणि हंगामात मी पहाटे निघते ती दिवेलागणीला परतते. मी आधीच चौकशी सुरू केली होती. सौंसरजवळ, रामाकोन्याच्या वाटेवर, निवृत्त झालेल्या एक नर्सताई म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. थोड्याच खोल्या, सगळ्या जमिनीलगत, जुन्या संत्र्याच्या बगीच्यात बांधलेल्या. मी तिथं न सांगता गेले आणि आठवड्यानं परत न सांगता गेले. स्वयंपाकघरातले डबे उघडले, गाद्या उलटल्या, न्हाणीघरात पाय घासून बघितला घसरतो का. संत्र्याच्या पेटीत वर मोठं फळ आणि खाली बारकं भरणारे लोक मला वासावरून कळतात. इथं वर होतं तेच खाली होतं. मग मी अटी घातल्या. पलंग खिडकीकडे तोंड करून. उठतील तेव्हा चहा, मग ती कुठलीही वेळ असो. आणि कोणी त्यांना 'गप बसा' म्हणायचं नाही.

ताई म्हणाल्या, "बाई, तुम्ही सासऱ्यांना ठेवायला आल्या की लग्न ठरवायला?"

आमच्या चुलत जावेला बातमी लागली. ती दारात येऊन म्हणाली, "एवढं मोठं शेड हाय तुह्यं, आन् सासऱ्याले ठेवाले जागा नाई काय वो?"

"जागा लय हाय," मी म्हटलं. "जिना तेवढा काढून ने तू."

नवऱ्याला मात्र मला असं उत्तर देता येईना, कारण तो भांडत नव्हता, नुसता खिडकीपाशी बसून राहायचा. शेवटी म्हणाला, "बाबा स्वतः हो म्हणतील तर ठेवू. नाही म्हणाले तर गाडी वळवायची आणि घरी आणायचं. मी खाली शेडमध्ये त्यांच्याजवळ झोपीन." मी कबूल केलं. पण मला माहीत होतं, शेडमध्ये ते आठवडाभर टिकायचे नाहीत. पुन्हा पडले तर ते हाड दुसऱ्यांदा जुळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे काहीही करून मामाजींच्या तोंडून 'हो' यायला हवं होतं.

ताईंनी फोनवर युक्ती सांगितली. "चहा प्यायला आलो म्हणा. ते रमले की हळूच निघून जा. बरेच जण तसंच करतात." मी नाही म्हटलं. फसवून माल मी कधी विकला नाही, आणि मामाजींना तर मी फसवणार नव्हतेच. त्यांना खरं सांगायचं आणि मग पटवायचं.

भादव्यात निघालो. नवरा गाडी चालवत होता, मामाजी पुढे, मी मागे. सावनेरला रस्ता फुटतो. एक पांढुर्ण्याला जातो, एक सौंसरला. ज्या माणसाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, तो तिथं ताडकन सरळ बसला.

"अबे, रस्ता चुकला तू. पांढुर्णा तिकडं राहिला."

नवऱ्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

"चुकला नाई, मामाजी," मी म्हटलं. "सौंसरलेच चाललो आपण. घरी जिना हाय, तुम्हाले चढता येत नाई. तिकडं एक जागा पाह्यली तुमच्यासाठी. पटली तर राहा, नाई पटली तर घरी जाऊ."

"आश्रम?"

"हाव. म्हातारे लोक राह्यतात. काळजी घेणारे हायेत."

"मी म्हातारा हो काय?"

"मग काय मी हो?"

त्यांनी मान वळवून मला नीट बघितलं. "थोडीशी," म्हणाले.

बाहेर कपाशी, मग तुरी, मग संत्र्याचे बगीचे सुरू झाले. मामाजींनी आवाज खाली आणला. "बाई, तू संत्र्याचा धंदा करते न? एक सांगून ठेवतो. पांढुर्ण्यात माही सून हाय. तिच्याशी सौदा करताना ध्यान ठेवजो. लय पक्की हाय. तुले पेटीसकट विकून टाकन."

नवऱ्याला असं हसू फुटलं की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. मी विचारलं, "इतकी वाईट हाय काय?"

"वाईट कोण म्हणते? पक्की म्हणलं मी."

"मग तुम्ही केला काय तिच्याशी सौदा कधी?"

"सुनेशी?" त्यांनी हात असा झटकला की जणू मी त्यांना कढईत हात घालायला सांगत होते. "काहीतरीच बोलून राहिली."

म्हणजे तक्रार जागच्या जागी होती. माझा हसलेला चेहरा परत आवळला.

पोचलो. ताई फाटकात उभ्या होत्या. मामाजींनी बैठी इमारत बघितली, व्हरांड्यातल्या खुर्च्या आणि खुर्च्यांतली माणसं बघितली, आणि गाडीच्या दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरली.

"नाई उतरत."

मी समजावलं. खोली दाखवायचं बोलले, चहाचं बोलले. ते समोर बघत राहिले. मग माझा पारा चढला आणि आवाज चढला. व्हरांड्यातल्या एका आजींनी कानावर हात ठेवले. मामाजी जागचे हलले नाहीत. नवरा हळूच म्हणाला, "ठरलं होतं आपलं." आणि त्यानं गाडी सुरू केली. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला त्याचाही राग आला. मी गाडीत बसले. ताईंना नमस्कार करायचंही सुचलं नाही.

गाडी वळवायला मागे घेतली, तर फाटकाजवळच्या संत्र्याची फांदी टपावरून खरडत आली आणि मामाजींच्या खिडकीतून आत शिरली. त्यांनी एक पान तोडलं. अंगठ्यानं पुसलं. अंगठा काळा झाला.

"थांब बे," ते म्हणाले. "कोळशी हाय."

कोळशी म्हणजे पानावर धरणारी काजळी. ती धरली की फळ पोसत नाही. मामाजींनी दार उघडलं आणि वॉकर मागितला. व्यायामवाल्या पोरीला ज्या अंतरासाठी तासभर हुज्जत घालावी लागायची, त्याच्या कितीतरी पुढं ते एका दमात गेले. प्रत्येक झाडाखाली थांबायचे, मान वर करून आतून बघायचे, कारण बाहेरून दिसणारं फळ फसवतं. खाली पडलेली हिरवी फळं वॉकरच्या पायानं सरकवायचे.

"गळ किती लागली पाह्य. कोणाचा होय हा बगीचा?"

"इथलाच आहे, आजोबा," ताई म्हणाल्या. "आमच्याकडून काळजी घेणं होत नाही. माकडं खातात, उरलेलं आम्ही खातो."

मामाजींना कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "उभा माल माकडाले? राखण नाई ठेवली?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वो बाई, तू व्यापारी न? तोंड पाहत काय उभी हाय? घे न."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उभा बगीचा घेतला की व्यापारी आपला एक माणूस तोडणीपर्यंत तिथंच राहायला ठेवतो. त्याची खाट, त्याचं जेवण, सगळं बगीच्यात. मामाजींनी आयुष्यभर असे राखणदार बसवले होते, आणि तरुणपणी स्वतः बसले होते. पण खोटं खोटं सांगायचं नव्हतं मला. म्हणून मी ताईंकडे वळले आणि म्हटलं, "ताई, तुमच्या झाडांचं पीक मला द्या. खरंच मागतेय."

ताई गोंधळल्या. "अहो, तशीच घेऊन जा, त्यात काय!"

"तशीच नको. भाव बोला."

त्यांनी काहीतरी बोलल्यासारखं केलं. त्यांनी इतका कमी भाव सांगितला की मला चीड आली, आणि मी त्यांच्याशी उलटं भांडायला लागले, वाढवून घ्या म्हणून. माझा आवाज फाटकाबाहेर गेला असेल. मामाजी वॉकरवर रेलून ऐकत होते. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"लय तोंडाळ हाय बाप्पा हे. भाव असा बोंबलून कोण सांगते? ऐकलं न सगळ्यायनं."

आता मात्र राहवलं नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. "कोणामुळं बोंबलते मी?" मी म्हटलं. "मंडीत माह्यासाठी दुपट्टा नाई टाकला कोणं! एक व्यापारी होता, लय मोठा समजायचा सोताले. तो म्हणे, बाईचा हात नाई धरत मी. मग काय करू, ओरडू नाई तर?"

नवरा खोकायला लागला. मामाजींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. विचार केला. आणि मान हलवून म्हणाले, "येडा असन तो."

नवऱ्यानं झाडाकडे तोंड केलं, त्याचे खांदे हलत होते.

"बरं, घेतला न तू बगीचा?" मामाजींनी विचारलं. "मग राखण कोण करन?"

"तुम्ही करता काय?"

"इथं राहा लागन."

"लागनच. सगळ्यायसंग राहा लागन, तेच जेवा लागन. नर्सताई सांगन ते औषध घ्या लागन. मी दर आठवड्याले येऊन पाहीन माल." सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही. "बोला, किती महिने बसता? एक बोट म्हणजे एक महिना."

"असं उघड्यावर कायले बोलते मग?" ते म्हणाले. वॉकरला पोट टेकवून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, उजव्या हातावर पसरला आणि हात माझ्याकडे केला.

मी तो हात बघत उभी राहिले. नवरा मागून म्हणाला, "अगं, धर ना."

आत हात घातला. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता, आजारी माणसाचा वाटत नव्हता. त्यांनी माझं एक बोट धरलं. मी त्यांची सगळी मूठ धरली. त्यांनी हात हिसकावून घेतला, अपमान झाल्यासारखं तोंड केलं, दोन झाडांपर्यंत जाऊन आले आणि परत हात पुढं केला. वरून ते बोलत होते, "औंदा पाणी बरं पडलं, नाई?" रीतीप्रमाणे मीही काहीतरी बोलायला हवं होतं. ज्या बाईच्या आवाजाला मंडी मान वळवते, ती बाई एका म्हाताऱ्याची बोटं धरून मुकी उभी होती. पण हात माझा मुका नव्हता. त्यांनी पेर दाबलं, मी आणखी एक बोट धरलं, त्यांनी सोडवलं, मी परत धरलं. मग त्यांनी अंगठा माझ्या तळहातावर दाबला. पटलं.

दुपट्टा झटकून खांद्यावर गेला. मामाजी ताईंना म्हणाले, "माही खोली कोणती? झाडं दिसली पाह्यजे." ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड केलेला पलंग दाखवायला त्यांना घेऊन गेल्या. व्हरांड्यातून जाताना मामाजी खुर्च्यांतल्या लोकांना दम देत होते, "फळाले हात नाई लावाचा कोणी. सौदा झालेला हाय."

परतीच्या वाटेवर नवऱ्यानं विचारलं, "किती महिने ठरले?"

"सांगत नसतात," मी म्हटलं.

तो आधी हसला, मग थोडं रडला, मग सौंसरला गाडी थांबवून दोन प्लेट भजी घेऊन आला. मला वाटतं त्या दिवशी आम्ही दोघं लग्नानंतर पहिल्यांदा गाडीच्या बोनटवर बसून काही खाल्लं असेल.

मी बोलले तशी दर आठवड्याला जात राहिले. कोळशीवर फवारणी करून घेतली. मामाजी सकाळ-संध्याकाळ झाडांतून फेरी मारायचे, त्यामुळे त्यांचा पाय असा सुधारला की व्यायामवाली पोरगी आली असती तर तिनं स्वतःची पाठ थोपटली असती. माकडं आली की व्हरांड्यातले सगळे म्हातारे थाळ्या वाजवायला धावायचे, आणि मामाजी त्यांना कोणी कुठं उभं राहायचं ते वाटून द्यायचे. मला ते कधी शेटाणी म्हणायचे, कधी नुसतं बाई. दरवेळी हिशोबाला आल्यासारखं मला प्रत्येक झाडाची हालहवाल सांगायचे. सून म्हणून एकदाही ओळखलं नाही.

फळ पिकलं. तोडणीच्या दिवशी मी तोडणाऱ्या बाया आणि रिकामे क्रेट घेऊन गेले. राखण असते तोडणीपर्यंतच. माल उतरला की राखणदार घरी जातो, हे मामाजींना कोणी सांगायची गरज नव्हती. नवराही सोबत आला होता. मामाजी खुर्ची टाकून झाडाखाली बसले आणि बायांवर खेकसत राहिले, "देठ ठेव, देठ! ओढू नको, कात्री कायले देली?" मालही चांगला निघाला. शेवटचा क्रेट गाडीत चढला. मामाजी उठले, वॉकर धरून माझ्यासमोर आले.

"झाली राखण," ते म्हणाले.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"पुढच्या बहाराचं पीक आजच बोलून घे. काल एक व्यापारी येऊन गेला. चांगला भाव देऊन राहिला होता."

त्यांच्या मागे उभ्या ताई जोरजोरात मान हलवत होत्या, कोणी आलं नाही, कोणी आलं नाही. मला ते सांगायला ताई कशाला पाहिजेत? ही चाल मी स्वतः किती वेळा खेळले असेन.

"कोण व्यापारी?" मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं. "नाव सांगा त्याचं!"

"ओरडू नको," मामाजी म्हणाले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांच्या हातात आलेलाच होता. "हात आण."

माझी तक्रार अजून आहे. ती मी सोडणार नाही, कारण हा हात त्यांनी कुठल्याशा व्यापारी बाईला दिला, सुनेला दिला नाही. एक दिवस मी तेही त्यांच्याकडून काढून घेईन. पण त्या दिवशी गाडी भरलेली होती, सगळा बगीचा संत्र्याच्या वासानं भरला होता, आणि मामाजी हात पुढं करून वाट बघत होते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुपट्ट्याखाली हात घातला.